मामांची आरएक्स १०० विकताना

मामांचा उजवा गुडघा बदलला, आणि त्यांच्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलची किकही उजवीकडेच. या गाडीला बटन नाही. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पुढे जिना चढायला सांगितलं, पण किक मारायला बंदी घातली. तरी सहा महिने मामा रोज सकाळी गाडी पुसत होते. शेजारच्या पोराला बोलावून किक मारायला लावायचे, दहा मिनिटं गाडी चालू ठेवायचे आणि पेट्रोल कॉक बंद करून घरात जायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोल्हापूरहून त्यांचा मला पुण्याला फोन आला. "शनिवारी येतोस काय? गाडी द्यायची म्हणतोय."

मी गेलो तो विकायला मदत करायला नाही, त्यांचं मन वळवायला. या गाडीवर मी चालवायला शिकलो. क्लच सोडताना पुढचं चाक किती पटकन हलकं होतं, हे मला शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्यावर पहिल्यांदा कळलं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टू-टी ऑइलच्या धुराचा वास आला की मला आजही आजोळच आठवतं. म्हणून बसल्या बसल्याच म्हणालो, "मामा, मीच घेतो. पुण्याला नेतो."

"चालवणार कधी?"

मला उत्तर देता आलं नाही. मामांनी उभं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर टर्नर म्हणून काढलं. त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं. टू-स्ट्रोक गाडी नुसती उभी राहिली की क्रँकची ऑइल सील कडक होतात, कार्बोरेटरच्या जेटमध्ये पेट्रोल सुकून चिकट होतं, टाकीला आतून गंज धरतो. "तू तिला बेसमेंटात झाकून ठेवशील आणि दिवाळीला फोटो काढशील. त्यापेक्षा चालवणाऱ्याला देऊया की." आमच्या दोघांत गाडीत जास्त गुंतलेला मी होतो, आणि तिचं बरं कशात आहे हे त्यांना जास्त कळत होतं. मी निमूटपणे कामाला लागलो.

पहिल्यांदा भाव काढायला बसलो. विम्याच्या कोष्टकात गाडीची किंमत दरवर्षी उतरत जाते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, चौथं वर्ष संपून पाचवं लागलं की ५० टक्के. पाच वर्षांपुढे कोष्टकच संपतं. मग विमा कंपनी आणि मालक यांनी आपापसांत ठरवायचं. मामांची गाडी सप्टेंबर १९९३ ची. कोष्टकाने तिला कधीच सोडून दिलं होतं. बाजाराने मात्र उलटी वाट धरली. आरएक्स १०० भारतात आली १९८५ मध्ये, सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या भागांतून जोडलेल्या. १९९६ मध्ये ती बंद झाली. धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटरसायकली रस्त्यावरून कमी झाल्या. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे आज कुणाला किरकोळ वाटतील, पण एवढ्या हलक्या गाडीला एवढी ताकद असली की ती कशी पळते हे चालवलेल्यालाच माहीत. आता नवी मिळत नाही, जुन्या कमी होत चालल्यात, आणि कोल्हापुरात तिच्यासाठी जीव टाकणाऱ्यांची कमी नाही. मामांनी एकदाच सांगितलं, "ऐंशी हजार. खाली नाही."

मला आकडा जास्त वाटला. पहिला बघायला आला तो जुन्या गाड्यांचा व्यापारी. त्याने इंजिन ऐकलंसुद्धा नाही. सीटवर हात फिरवला, आरसी मागितली, वाचली आणि म्हणाला, "एचपी चढलेली आहे. अठ्ठावीस देतो."

हे मला नवीन होतं. मामांनी ही गाडी एका पतसंस्थेच्या कर्जावर घेतली होती. शेवटचा हप्ता १९९६ मध्ये फिटला. पण कर्ज फिटलं तरी आरसीवरची संस्थेची नोंद, म्हणजे एचपी, आपोआप जात नाही, ती मुद्दाम काढून घ्यावी लागते. मामांनी काढली नव्हती. दर पाच वर्षांनी ते आरटीओत जाऊन नोंदणीचं नूतनीकरण करून आणत, पर्यावरण कराचे दोन हजार भरत. २०२३ मध्ये एक हजार रुपये फी भरून त्यांनी २०२८ पर्यंतची नोंदणी करून ठेवली होती. पण एचपी काढायचं कधी कुणी सुचवलं नाही आणि त्यांना कधी अडलं नाही. विकायच्या दिवशीच ते अडतं. खरेदीदाराच्या नावावर गाडी चढवायची तर आधी हा बोजा उतरवावा लागतो, किंवा संस्थेची संमती लागते.

जी संस्था संमती देणार, ती केव्हाच बुडाली होती.

पुढचे पाच आठवडे यातच गेले. संस्था अवसायनात निघाली असेल, म्हणजे बंद करून तिचा हिशेब मिटवायला काढली असेल, तर तिच्या वतीने सही करायचा अधिकार अवसायकाला असतो. सहकार कायद्याखाली निबंधक त्याची नेमणूक करतात. आम्ही आधी संस्थेच्या जुन्या पत्त्यावर गेलो, तिथे मोबाइलचं दुकान होतं. मग उपनिबंधकांच्या कार्यालयात अर्ज दिला, तिथून अवसायकांचं नाव मिळालं. ते आठवड्यातून एकच दिवस बसायचे, आणि पहिल्या दोन आठवड्यांत तो दिवस आम्हाला साधला नाही. पुण्याहून रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी बंद दार बघणं मला फार लागलं. मामा मात्र दोन्ही वेळा काठी घेऊन माझ्याबरोबर बाहेरच्या बाकावर बसले होते.

तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. माणूस सरळ होता. म्हणाले, "दप्तर जेवढं ताब्यात आलं तेवढंच आमच्याकडे आहे. तुमचं कर्जखातं निल झाल्याचा पुरावा काय?" मामांनी पिशवी पुढे केली. साखरेच्या पोत्याच्या कापडाची, मामींनी शिवलेली. तिच्यात पतसंस्थेचं पासबुक होतं, प्रत्येक हप्त्याची पावती होती, शेवटच्या पावतीवर 'कर्ज पूर्ण फेड' असा शिक्का होता. खाली बत्तीस वर्षांचे विम्याचे कागद आणि पीयूसीच्या चिठ्ठ्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि एकेक पावती पासबुकाशी ताडून बघितली. पुढच्या आठवड्यात बोजा उतरवायच्या नमुना ३५ वर सही-शिक्का आणि ना-हरकत पत्र मिळालं. अर्ज ऑनलाइन भरला, मूळ कागद आरटीओत दाखवले, आणि नवीन आरसी आली तेव्हा ती ओळ नव्हती. ज्यांनी कधी कर्जावर गाडी घेतली असेल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आज आरसी काढून बघा. संस्था चालू आहे तोवर हे एका सहीचं काम असतं.

याच दिवसांत नवीन हाय-सिक्युरिटी नंबरप्लेटही बसवली. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना राज्यात ती सक्तीची झाली होती. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, एकूण ५३१. केंद्रावर जुनी प्लेट काढली तेव्हा मामांनी ती मागून घेतली. गंगावेशीतल्या पेंटरने हाताने रंगवलेले आकडे होते त्यावर.

कागद साफ झाले आणि बघायला येणारी माणसंही बदलली. आता कोणी अठ्ठावीस म्हणेना, बोलणी साठापासून सुरू होऊ लागली. गाडी तीच, इंजिन तेच, रंगही तोच मूळचा काळा. पाच आठवडे बाकावर बसून आम्ही नक्की काय कमावलं, ते मला या बोलण्यांत दिसलं.

आलेल्या प्रत्येकाला मामा गाडीचे दोष स्वतः सांगायचे. "ब्लॉकला दोनदा बोअर मारलाय. आता पिस्टन पन्नास ओव्हरसाईज आहे, अजून दोन बोअर निघतील, मग स्लीव्ह टाकायची. मागचं डावं इंडिकेटर डुप्लिकेट. स्पीडोमीटरची केबल बदललीय, काट्यावर किलोमीटर दिसतंय ते खरं समजू नका." बोअर मारणं म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून थोडा मोठा करून त्यात मोठा पिस्टन बसवणं. मी डोळ्यांनी खुणावायचो, एवढं कशाला? ते बघूनही बघायचे नाहीत. आणि समोरचा ते ऐकून भाव पाडायला लागला की म्हणायचे, "दोष सांगितले ते तुम्हाला माहीत असावेत म्हणून. भाव त्याच्यासकट लावलाय."

एक कॉलेजातला मुलगा वडिलांना घेऊन आला. गाडी त्याला इतकी आवडली की हात थरथरत होते. वडील पासष्टवर थांबले. मुलाचा चेहरा बघून मी मामांना आत नेलं आणि म्हणालो, "देऊन टाका. पोरगं जपेल. पंधरा हजारांनी आपलं काय अडतंय?"

मामांनी मला खुर्चीवर बसवलं. "तुला वाटतंय मी पैशाला धरून बसलोय. ऐक. उद्यमनगरात मी चाळीस वर्षं बघितलंय. लेथ भंगाराच्या भावात घेतला की तो माणूस भंगारासारखाच वापरतो. पदरमोड करून घेतला की रोज तेल घालतो. जो ऐंशी देईल तो रात्री गाडी झाकून ठेवेल." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि बापानं कर्ज काढून पोराला द्यावी अशी ही गाडी न्हाई. त्याला अजून ब्रेकचा अंदाज यायचाय. पुढं ड्रम आहे, डिस्क न्हाई."

दुसरी गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. त्या मुलाला मामांनी चहा दिला, गाडीवरून गल्लीत एक फेरी मारू दिली आणि हसून निरोप दिला.

एप्रिलच्या शेवटी कागलहून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, आयटीआयमध्ये शिकवणारे. त्यांनी आल्या आल्या हात इंजिनवर ठेवला. गार आहे ना, बघितलं. आधीच तापवलेल्या इंजिनची किक पटकन लागते, म्हणून ही तपासणी. मग चोक ओढून स्वतः किक मारली, दुसऱ्या किकला सुरू झाली. पाच मिनिटं काही न बोलता ऐकत राहिले. ब्लॉकवर कान नेऊन पिस्टनचा आवाज घेतला, सायलेन्सरच्या टोकाला बोट फिरवून काजळी बघितली, हँडल दोन्हीकडे वळवून बेअरिंग पाहिलं. चेसिस नंबर आरसीशी, मग इंजिन नंबर आरसीशी, एकेक अंक बोट ठेवून. मामा त्यांच्याकडे टक लावून बघत होते. तेवढा वेळ त्यांनी काठीसुद्धा हातात घेतली नव्हती.

"पंच्याहत्तर?" गृहस्थांनी विचारलं.

"ऐंशी."

"ऐंशी." त्यांनी लगेच पाच हजारांचं टोकन पुढे केलं.

पैसे आणि गाडी यांच्या मधल्या टप्प्यावर मात्र मी अडून बसलो. कोऱ्या टीटीओ फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलायच्या नमुना २९ आणि ३० वर, सही करून गाडी द्यायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. फॉर्म हातोहात फिरत राहतात आणि नोंदीत मालक जुनाच राहतो. २००९ मधल्या एका अपघाताची नुकसानभरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच, गाडी केव्हाच विकलेल्या, पण नोंदीत नाव राहिलेल्या मालकावर टाकली होती. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा तो निकाल. गाडी मधे कितीही हातांतून गेली असो, नोंदीत ज्याचं नाव तो जबाबदार. मी तो निकाल गृहस्थांना सांगितला, आणि ते स्वतःच म्हणाले, "नावावर झाल्याशिवाय मी गाडी नेणारच नाही." नमुना २९ च्या दोन प्रती, नमुना ३०, सगळे रकाने भरून, तारीख घालून सह्या झाल्या. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली आणि छाप घेतला. हस्तांतरणाची फी दीडशे रुपये. कागल आणि कोल्हापूर दोन्ही एमएच ०९ मध्येच येत असल्याने दुसऱ्या कार्यालयाच्या एनओसीचा प्रश्न आला नाही. आधारचा ओटीपी मामांच्या मोबाइलवर आला, तो त्यांनी स्वतः एकेक अंक मोठ्याने वाचून दिला.

अकरा दिवसांनी वाहन नोंदणीच्या ॲपवर नवीन मालकाचं नाव दिसलं. त्याच संध्याकाळी गृहस्थ उरलेले पैसे घेऊन आले. मामांनी पैसे मोजले नाहीत, मामींकडे दिले. मग गाडीशेजारी स्टूल घेऊन बसले आणि तासभर शिकवत राहिले. ऑइलच्या टाकीतली पातळी खिडकीतून कशी बघायची. ऑइल पंप नीट चालू आहे ना, यावर पिस्टनचं आयुष्य कसं असतं. पावसाळ्यात प्लग भिजला तर काय करायचं. राधानगरीच्या घाटात चौथ्यात ओढत नेऊ नका, तिसऱ्यात टाका, ती खूश राहते. गृहस्थ वहीत लिहून घेत होते. सगळे कागद पिशवीसकट त्यांना दिले. फक्त पतसंस्थेचं पासबुक मामांनी काढून घेतलं.

गाडी गल्लीच्या टोकाला वळली. आवाज बराच वेळ येत राहिला, आणि मामा मान किंचित तिरकी करून तो ऐकत होते. मला रडू येत होतं. ते म्हणाले, "दुसऱ्यातच जरा जास्त ताणली त्यानं. सवय होईल."

आठवड्याने मी पुण्याहून फोन केला. गुडघ्याचं विचारलं, व्यायाम चालू आहे म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "त्या कागलच्या मास्तरांना एक मेसेज टाकशील काय? पाऊस तोंडावर आलाय. एअर फिल्टर काढून बघा म्हणावं."