हुंदका आणि श्लुख्त्सेन

आठवीत संस्कृत सोडून जर्मन घेतलं, तेव्हा घरी बरीच कुरकुर झाली होती. आज इंग्रजीतून जर्मनमध्ये भाषांतरं करणं हेच माझं काम आहे, आणि ते मी शिकले नववीच्या एका तासाला.

जर्मनच्या बाईंनी फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहिलं. पाळण्यातलं बाळ रडतंय, क्रियापद ‘वेल’ (wail), म्हणजे मोठ्यानं रडणं. मी कोशातला पहिला शब्द उचलला आणि ‘वेक्लागेन’ लिहून मोकळी झाले. बाई वहीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “अगं, हा दारात मयत असतानाचा शब्द आहे. तुझ्या बाळाला भूक लागली आहे. ते कसं रडतंय, आधी मराठीत सांग.”

मग वर्गातून शब्द येत गेले. टाहो, भोकाड, किरकिर, मुसमुसणं, कण्हणं. बाई एकेकासमोर जर्मन शब्द मांडत गेल्या. भोकाडासमोर ‘हॉइलेन’, कण्हण्यासमोर ‘श्ट्योनेन’. इंग्रजीत ताप आलेलं मूल आणि दाराबाहेरचं कुत्रं, दोघंही ‘व्हिम्पर’ करतात, म्हणजे बारीक, केविलवाणं रडतात. जर्मनमध्ये मुलाला ‘विमर्न’, कुत्र्याला ‘विन्झेल्न’. माणसाला विन्झेल्न लावलं, की तो लाचारीनं गयावया करतो.

‘सॉब’ला जर्मन ‘श्लुख्त्सेन’. तो शब्द ‘श्लुकेन’वरून आला, म्हणजे गिळणं. बाईंनी हे सांगितलं आणि स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. “आपण हुंदका गिळतो ना? तोच हा.” हॉइलेनचं मूळ घुबडाच्या जुन्या नावात आहे, हेही त्याच तासाला कळलं. आपला हंबरडा गाईच्या हंबरण्याचा, त्यांचा आक्रोश घुबडाचा! त्या दिवसापासून कोश मी कानानं वाचायला लागले.

‘कीनिंग’नं मात्र मला फार छळलं. हा शब्द आयरिश भाषेतून इंग्रजीत आला. आयर्लंडमध्ये मृतासाठी बायका सूर लावून शोक करत, त्याचं हे नाव. जर्मनमध्ये ‘टोटेनक्लागे’ आहे, अर्थ बरोबर, पण त्यात तो लांबत जाणारा स्वर नाही. शेवटी मी टोटेनक्लागे ठेवलं आणि सूर पुढच्या वाक्यात वेगळा लिहिला. दुसरा मार्ग मला अजूनही सापडलेला नाही.

गेल्या महिन्यात एका कथेत बापाच्या कबरीपाशी मुलगा ‘वेल’ करत होता. नुसतं हॉइलेन किरकिऱ्या पोराचं वाटलं असतं. डोळे मिटून मराठीत म्हटलं, ‘त्यानं हंबरडा फोडला’. मग लिहिलं, ‘एर हॉइल्टे आउफ’. त्या ‘आउफ’नं रडणं एकदम उसळून वर येतं, हंबरडा फुटतो तसं.

आता बाईंना भेटायला जाताना ते पान नेणार आहे. त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे.