टेप घेऊन अंदमानला

बोटीत मी पहिल्यांदा बसले ती ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीत, गावभागातल्या आमच्याच गल्लीत. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरून दोन जवानांनी मला पोत्यासारखं उचलून रबरी बोटीत ठेवलं. माझी चाकांची खुर्ची खालीच राहिली. आठवड्यानं परत आलो तेव्हा ती मोरीपाशी चिखलात उताणी पडली होती. त्या पोरांचे उपकार आहेतच, पण तेव्हापासून 'बोट' म्हटलं की मला आधी काखेत घातलेले दोन हात आठवतात.

त्यामुळे गेल्या वर्षी आई जेव्हा म्हणाली, "एकदा सावरकरांची कोठडी बघायची आहे, मग डोळे मिटले तरी चालेल," तेव्हा पहिला नकार माझाच होता. तुम्ही जाऊन या म्हटलं. आई चौऱ्याहत्तरची, मी अठ्ठेचाळीसची. मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. पस्तिशीपर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या, आणि कुबड्यांवर भागलं, मग खांदे बोलायला लागले आणि खुर्ची आली. सगळं घर मालवणला गेलं होतं तेव्हा मी तीन तास धक्क्यावर बॅगा सांभाळत बसले होते आणि समोर पाण्यात सिंधुदुर्ग दिसत होता. ते परत नको होतं.

पण भाच्यानं, मधूनं, मनावर घेतलं. "आत्या, तू नसशील तर आजी येणार नाही, आणि आजी नसेल तर मला सुट्टी कशाला?"

आधी बेट कुठलं यावरच पंधरा दिवस गेले. लक्षद्वीपला परवाना लागतो, त्याचं काही नाही. पण तिथं बऱ्याच बेटांपाशी मोठं जहाज बाहेरच थांबतं आणि हेलकावणाऱ्या लहान बोटीत उतरावं लागतं. फुली. दीव मला आवडलं होतं, कारण दीवला पूल आहे, गाडीनं थेट जाता येतं. आई म्हणाली, "पुलावरनंच जायचं तर आपली नदीपलीकडची सांगलवाडी काय वाईट आहे?" विषय संपला. अंदमान ठरलं, आणि पावसाचे महिने टाळून फेब्रुवारी.

सांगलीतल्या एका टूरवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, "ताई, तुम्ही काळजीच करू नका, पोरं उचलतील." इथंच माझं आणि त्यांचं बिनसलं. उचलणं हा शेवटचा उपाय असतो. मला उचलणारा माणूस घसरला तर हाड माझं मोडतं, त्याचं नाही. आणि पाच दिवस दर तीन तासांनी बाथरूमला जायला कुणाला हाक मारायची? बाईमाणसाच्या प्रवासाचं अर्ध नियोजन तिथंच असतं, कुणी बोलत नाही इतकंच. आदल्या रात्रीपासून पाणी न पिता प्रवास करणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. मीही तेच करायची, मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन सलाईन लागेपर्यंत.

मग टेप काढला. माझी घडीची खुर्ची चाकाच्या कडेपासून कडेपर्यंत २५ इंच. जमिनीपासून बैठक १९ इंच. पलंग याच्या फार वर असला तर मी चढू शकत नाही, फार खाली असला तर उतरते पण परत येत नाही. हे आकडे कागदावर लिहून मी हॉटेलांना फोन लावायला सुरुवात केली. चौदा फोन झाले. प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, "मॅडम, सब व्हीलचेअर फ्रेंडली है." पुढचा प्रश्न विचारला की गडबड सुरू. बाथरूमचं दार किती इंच? "नॉर्मल है मॅडम." उंबरा आहे? "छोटासा." छोटासा म्हणजे? "बस, इतनासा." फोनवर बोटं दाखवत होता बिचारा.

शेवटी मधूनं युक्ती काढली. फोनवर विचारायचं नाही, फोटो मागायचा, आणि फोटोत दाराच्या चौकटीला आडवा धरलेला टेप दिसला पाहिजे. चौदापैकी पाच जणांनी फोटो पाठवले. तीन दारं २२ ते २४ इंचांची होती. एका ठिकाणी रॅम्प आहे म्हणून मोठ्या कौतुकानं फोटो आला: दीड फूट उंच ओट्याला तीन फूट लांबीची फरशी लावलेली. उताराचा हिशोब एक फुटाला बारा फूट असा असतो, म्हणजे दीड फुटाला अठरा. त्या फरशीवरून खुर्ची वर गेली नसती आणि खाली येताना मी तोंडावर आले असते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे पस्तीस इंचांच्या वर, दिली आहे. मी अठ्ठावीसवर खूश होणार होते. पोर्ट ब्लेअरला एक आणि हॅवलॉकला एक अशा दोन खोल्या मिळाल्या. हॅवलॉकवाल्यानं तर न सांगता शॉवरखाली ठेवायला प्लास्टिकच्या खुर्चीचा फोटोही पाठवला. त्या खुर्चीला हात होते, म्हणजे त्याच्या घरात कुणीतरी आमच्यातलं असणार, असं मी आईला म्हटलं.

(नावं आता बदलली आहेत. हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप, पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. पण फोनवर सगळे जुनीच नावं घेत होते.)

विमानाचं मात्र फोटोनं भागत नाही. कोल्हापूर आम्हाला पन्नास किलोमीटरवर, पण तिथून आम्हाला मिळत होतं ते विमान पंख्याचं, त्याला जिना. म्हणून पुण्याहून चेन्नई आणि तिथून पुढे. तिकीट काढताना 'व्हीलचेअर हवी' एवढ्यावर खूण करून गप्प बसू नका, ही माझी कळकळीची विनंती. विमानवाल्यांच्या भाषेत व्हीलचेअर तीन प्रकारची असते. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही, विमानात सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही चालता येत नाही. मी तिसरी. तिसऱ्या प्रकाराला विमानाच्या मधल्या बोळातून जाणारी अरुंद खुर्ची लागते आणि विमान लांब उभं असेल तर माणसाला उचलून दारापर्यंत नेणारी गाडी, अँब्युलिफ्ट. मदत हवी असल्याचं ४८ तास आधी कळवायचं असतं. मी पंधरा दिवस आधी कळवलं, ईमेलनं.

तरी चेन्नईला घोटाळा झालाच. त्यांच्या यादीत माझ्यासमोर पहिला प्रकार पडला होता. सगळे उतरले, साफसफाईवाल्या आल्या, आणि मी खिडकीतून दुसऱ्यांच्या बॅगा बघत बसलेली. अँब्युलिफ्ट यायला चाळीस मिनिटं. मधूनं ईमेल दाखवला, त्या मुलीनं माफी मागितली, पुढच्या विमानाचं तिनं स्वतः पाहिलं. पोर्ट ब्लेअरच्या वीर सावरकर विमानतळावर माझी खुर्ची सामानाच्या पट्ट्यावरून आली, उजवा फूटरेस्ट वाकलेला. निघताना ती विमानाच्या दाराशी द्यायची आणि दाराशीच परत मागायची, हे मी सांगितलं होतं. ऐकलं गेलं नाही. येताना आम्ही दोन्ही फूटरेस्ट आणि गादी काढून हातातल्या पिशवीत घेतली आणि खुर्ची देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढले. वाकलेला फूटरेस्ट तिथल्या एका सायकलवाल्यानं पाईप घालून सरळ केला. पैसे घेईना, म्हणून आईनं त्याला भडंगाचं पाकीट दिलं.

हॅवलॉकला नेणाऱ्या फेरीबोटीच्या आदल्या रात्री मी झोपले नाही. खोटं कशाला सांगू. धक्क्यावरून बोटीत जायला फळी असते, आणि तिचा उतार समुद्र ठरवतो. भरती-ओहोटीत इथं पाणी दोन मीटरच्या आसपास खालीवर होतं. सकाळची फळी सरळ असेल तर दुपारची तीच फळी घसरगुंडी. म्हणून आम्ही भरतीच्या वेळा बघून, पाणी चढलेलं असताना सुटणारी फेरी निवडली होती. हे डोकं मधूचं. मी फक्त कृष्णेला रोज बघून मोठी झालेली, मला पाणी आठवड्यात चढतं एवढंच माहीत.

चार खलाशी आले आणि थेट चाकांना हात घातला. मी मोठ्यानं ओरडले. मग शांतपणे सांगितलं: चाकाला धरायचं नाही, ते फिरतं. फूटरेस्टला नाही, तो निखळतो. खालच्या फ्रेमला दोघे, मागच्या हँडलला एक, आणि मला उलटं न्यायचं, पाठ बोटीकडे. "ठीक है दीदी, आप बोलो, हम करेंगे." सात-आठ पावलं असतील. मला किनारा लांब जाताना दिसत होता आणि कुणाचाही हात माझ्या काखेत नव्हता.

हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. पण वाळू ती वाळूच. पक्का रस्ता संपला की पुढची लहान चाकं वीतभर रुततात. यासाठी आम्ही घरून हत्यार नेलं होतं. मावशीची तासगावला द्राक्षबाग आहे, तिच्याकडची जुनी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, दुहेरी शिवून दहा-दहा फुटांच्या दोन पट्ट्या केल्या होत्या. वजनाला काही नाही, घडी घातली की पिशवीत मावते. एक पट्टी पसरायची, खुर्ची मागे कलवून मोठ्या चाकांवर उलटी ओढायची, मग मागची पट्टी उचलून पुढे. निम्मं यश आलं म्हणेन. मऊ वाळूत पट्टीही दबत होती आणि मधू घामाघूम. पण ओहोटीची ओली वाळू लागली तशी खुर्ची डांबरी रस्त्यावर चालल्यासारखी निघाली, पट्टीची गरजच उरली नाही. तिथं दिवस लवकर मावळतो, साडेपाचला अंधार पडू लागतो. आम्ही चारला पोचलो म्हणून बरं. पाण्यात गेले, बेंबीपर्यंत, खुर्चीसकट. आई काठावर चपला आणि बॅगा सांभाळत बसली होती.

सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी. मूळच्या सात इमारतींपैकी तीनच उभ्या आहेत. अंगण, फाशीघर, कोलू म्हणजे तेलाचा घाणा ठेवलेली जागा, हे सगळं खुर्चीनं झालं, एक-दोन पायऱ्यांना मधूनं कलवलं. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला, आणि वर जायचा मार्ग जिना. हे मी घरी असतानाच विचारून घेतलं होतं, त्यामुळे तिथं गेल्यावर रडं आलं नाही. रक्षकानं विचारलं, उचलून नेऊ का. मी नको म्हटलं. आई कठड्याला धरत, थांबत थांबत गेली. अर्ध्या तासानं उतरली तेव्हा काही बोलली नाही, माझ्या शेजारच्या बाकावर बसून पाणी प्यायली. मग म्हणाली, "खोली केवढी असेल मोजली नाही बघ. टेप तुझ्याकडंच राहिला."

सांगलीत परतल्यावर दोन कामं निघाली. एक, खारं पाणी लागलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवून चाकांना ग्रीस लावायचं असतं, ते मी केलं नाही. पुढच्या दोन्ही चाकांचे बेअरिंग गंजून बदलावे लागले. दुसरं काम माझंच. पिशवी रिकामी करताना टेप हाताला लागला आणि सहज आमच्या बाथरूमच्या दाराला लावला. २३ इंच, वर चार इंचांचा उंबरा. बारा वर्षं मी खुर्ची बाहेर ठेवून चाकांच्या पाटावरून आत जाते आहे, आणि चौदा हॉटेलांना जाब विचारत होते. गवंड्याला फोन केला. सोमवारी येतो म्हणाला. कुठल्या सोमवारी ते काही बोलला नाही.