तुम्ही विचारलंत म्हणून: राहुल बजाज आणि बंद पडलेली चेतक

१२ फेब्रुवारी २०२२ ला बजाज ऑटो कंपनी अनेक वर्षं सांभाळणारे राहुल बजाज गेले. तेव्हापासून त्या कंपनीची जुनी चेतक स्कूटर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न हमखास येतो: "एवढं मानता त्यांना, मग त्यांनी डोळ्यांदेखत स्कूटर बंद कशी होऊ दिली?" त्याला जोडून दुसरा: "आडवी केल्याशिवाय सुरू न होणारी गाडी, तिचं कौतुक कसलं?"

आधी आडवं करण्याचं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं. आडवी केली की वाटीतला तरंगता फ्लोट कलतो, पेट्रोल अडवणारी सुई सुटते, टाकीतलं पेट्रोल वाटीत उतरतं. मग चोक ओढून दोन किका मारायच्या. तरीही सुरू झाली नाही तर ठिणगी पाडणारा प्लग बघा. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं; दोन टक्के म्हणजे लिटरला २० मिली पुरतं. लोक "इंजिनाला बरं" म्हणून दुप्पट ओततात, मग प्लग काळा पडतो, सायलेन्सर कार्बनने चोंदतो आणि गाडी चढाला ओढत नाही. प्लग घासून फट ०.६ मिमी ठेवायची, सायलेन्सर उतरवून आतला कार्बन काढायचा. गिअरची केबल मुठीपाशी एकेक तार सोडत तुटते. पहिली तार बोटाला टोचली की बदलून टाकायची. इंजिन उजवीकडे, म्हणून वजन उजवीकडे, हेही खरं. पण साखळी नाही, बॉडी पत्र्याची, चाकं १० इंची, पुढचं मागे बसतं. घरातला कोणीही पान्याने उघडू शकेल अशी ही गाडी होती, आणि म्हणूनच ती घरातली झाली.

परवानाराज होतं, नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची, स्पर्धा नव्हती, हे सगळं मान्य. पण व्हेस्पा बनवणाऱ्या इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यावर दुसऱ्याच वर्षी चेतक उभी केली ती राहुल बजाज यांनीच. ते श्रेय सरकारी धोरणाच्या खात्यात कसं टाकता?

आता २००९. त्या डिसेंबरात त्यांचा मुलगा राजीव बजाज यांनी जाहीर केलं की कंपनी स्कूटर सोडून मोटारसायकलवरच भर देणार. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष राहुल बजाजच होते. आकुर्डीला कारखान्याच्याच वसाहतीत रूपाताई आणि तीन मुलांसह संसार केलेला माणूस. घर आणि कारखाना यांत अंतर नव्हतंच. त्या माणसाने जाहीर सांगितलं की या निर्णयाचं आपल्याला वाईट वाटलं, दुःख झालं. आणि निर्णय होऊ दिला. मुलाला चारचौघांत मान्यता दिल्याचं नाटक केलं नाही, अध्यक्षपदाच्या जोरावर त्याचा हातही धरला नाही. किती घरांत बापाला हे दोन्ही एकदम जमतं?

तेव्हा मी राजीवना दोष देत होतो. तेव्हाच्या मला आज सांगावंसं वाटतं, जरा आकडे बघ. २००१ मध्ये होंडाची अ‍ॅक्टिव्हा स्कूटर आली: गिअर नाही, फोर-स्ट्रोक, बटणावर सुरू. त्याच वर्षी बजाजची पल्सर मोटारसायकल आली आणि कंपनी सावरली ती तिच्या जोरावर. गिअरची चेतक २००९ च्या आधीच थांबलेली होती. हे सगळं कळतं. पण पुढच्या दहा वर्षांत बाजारात स्कूटर मोटारसायकलपेक्षा वेगाने वाढली, हेही तितकंच खरं. मग ते दुःख नुसत्या जुन्या आठवणींचं होतं, की त्यात धंद्याची जाणही होती? मला अजून ठरवता आलेलं नाही.

२०२० मध्ये चेतक विजेवर परत आली. १० जून २०२२ ला, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी, आकुर्डीतच तिचा नवा कारखाना सुरू झाला. ते जाऊन चार महिने झाले होते. लेकाने बापाचं अखेर ऐकलं, असं तुम्ही म्हणता; मला तसं म्हणवत नाही. या चेतकला प्लग नाही, केबल नाही, आडवी करण्याजोगं काही नाही. नाव तेवढं तेच ठेवलंय.