भोक न पाडता मडफ्लॅप

आमची फियाट 1100 डिलाइट 1967 ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली. पावसाळ्यात ती झाकून ठेवा, असं सगळे सांगतात. मला पटत नाही. चालती गाडीच चांगली राहते. पण साताऱ्याहून मेढ्यामार्गे महाबळेश्वरला निघालं की चाकं खडी आणि लाल चिखल उडवतात, आणि मार बसतो तो दारांखालच्या पत्र्याला. म्हणून जून ते सप्टेंबर मडफ्लॅप, म्हणजे चाकामागे लोंबणारे रबराचे पडदे.

मिस्त्री म्हणाले, "ताई, स्क्रू मारून देतो, लगेच होईल." मी नको म्हटलं. भोकाच्या कडेला रंग उरत नाही आणि चाक नेमकं तिथंच पाणी मारत राहतं. गंज आतून चढतो. बाहेर रंगाला फुगा आलेला दिसेपर्यंत पत्रा खाल्लेला असतो.

त्यापेक्षा मडगार्डची आत दुमडलेली कड वापरायची. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीचे यू आकाराचे चिमटे वळवून घेतले, आतून सायकलची जुनी ट्यूब चिकटवली. कड आणि 3 मिमी रबराचा फ्लॅप एकाच चिमट्यात धरायचा. बोल्ट कडेच्या पलीकडून जातो, पत्र्याला शिवतसुद्धा नाही. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) घ्या, साधा नट हादऱ्यांनी सुटतो. फ्लॅपच्या वरच्या बाजूला ॲल्युमिनियमची आडवी पट्टी हवी, नाहीतर तो वाऱ्याने वळतो. काळं रबर उन्हात फिकट रंगावर डाग सोडतं, म्हणून ट्यूब आणि रंगाच्या मध्ये पारदर्शक फिल्म लावली.

चुंबक किंवा दुहेरी टेप मला मुळीच मान्य नाही. चुंबकाखाली वाळूचे कण शिरून रंग घासतात, आणि टेप काढताना जुना रंग सोबत येऊ शकतो.

बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून बघा. मागे माणसं बसवून पाटे (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दबले की टायर कुठे लागतो का, तेही बघा. खालची कड जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटर वर ठेवा. रिव्हर्स घेताना फ्लॅप टायर आणि दगडाच्या मध्ये सापडला तर चिमट्यासकट ओढला जातो, आणि कडही वाकते.

चिमट्याखाली ओला चिखल साठतोच, त्यामुळे पावसाळाभर तसंच ठेवून चालत नाही. अधूनमधून सोडवून कड धुवायची, कोरडी करायची, मेण लावायचं. दहा नंबरचा एक पाना पुरतो.