एवढेसे तर अंतर होते

‘एवढेसे तर अंतर होते, जोर लावून गाठायचे होते ना?’ गेल्या सायकलींच्या रस्ता-शर्यतीत मी पुढच्या घोळक्यापासून सुटून मागे पडलो, त्यानंतर हा प्रश्न मला घरच्यांनी विचारला, सहकाऱ्यांनी विचारला आणि कडेला उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या अनोळखी माणसांनीही विचारला. आता तुम्हीही विचारलात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. आजवर मी विषय बदलत आलो, कारण दोन वाक्यांत दिलेले उत्तर सबबीसारखे ऐकू येते.

तुम्हाला दिसलेले अंतर तीन, फार तर चार सायकलींच्या लांबीचे होते. माझ्या दृष्टीने प्रश्न लांबीचा नव्हता, हवेचा होता. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाताना सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवेचा विरोध मोडण्यात जाते, आणि ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर हवेसाठी सुमारे तेहतीस टक्के शक्ती जास्त मोजावी लागते. २०१८ साली हवेच्या प्रवाहाचे अभ्यासक बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला, तेव्हा आतल्या भागातील स्वारांना होणारा हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या तुलनेत अवघा पाच ते दहा टक्के आढळला. आम्हा हौशी लोकांचा घोळका विरळ आणि वेडावाकडा असतो, त्यामुळे एवढा आसरा आम्हाला मिळत नाही. तरीही पुढच्याचे चाक सुटणे, म्हणजेच त्याच्यामागचा आसरा जाणे, म्हणजे काय, याचा अंदाज या आकड्यांवरून यावा. जो आसऱ्यात असतानाच दमला होता, त्याने आता आसरा नसताना इतरांपेक्षा वेगाने जावे, अशी तुमची अपेक्षा असते.

ते कसे घडले, तेही सांगतो. वळण घेऊन आम्ही उघड्या माळावर आलो आणि रस्त्याच्या बाहेरच्या बाजूने आडवा वारा लागला. पुढच्या अनुभवी स्वारांनी लगेच तिरकी रांग धरली; अशा रांगेत प्रत्येकाला शेजारच्याच्या आडोशाने वारा चुकवता येतो. शर्यतीला अर्धाच रस्ता मिळालेला होता आणि मधली रेषा ओलांडण्यास मनाई होती, त्यामुळे त्या रुंदीत मावले तेवढे वाचले आणि उरलेले आम्ही रेषेला चिकटून, एकामागे एक, जवळजवळ उघड्यावर पडलो. माझ्या पुढच्या स्वाराची मान खाली गेली आणि त्याच्या चाकापुढे फट पडली. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित आधीच सुटलो असतो. ती फट तो भरून काढील म्हणून मी काही क्षण थांबलो, मग त्याला वळसा घालून पुढे निघालो. हँडलच्या खालच्या वाकात हात, पाठ शक्य तितकी आडवी, नजर फक्त शेवटच्या स्वाराच्या टाचांवर. अंतर खरोखरच कमी होत गेले. दोन सायकली, दीड, एक. माळ संपून जेथे रस्ता झाडीत शिरतो ती जागा दिसू लागली होती. तेथे वारा अडणार होता, घोळका पुन्हा सैल होणार होता. नेमक्या त्याच वेळी पुढे कोणीतरी जोराची मुसंडी मारली, सगळी रांग ताणली गेली आणि ते एका सायकलीचे अंतर पुन्हा वाढू लागले. माझे बोट गिअरच्या खटक्याकडे गेले. वेग वाढवायचा तर जड गिअर टाकायला हवा होता. पडला तो हलका.

त्या रात्री मी रोजनिशीत ‘पाय संपले’ एवढेच लिहिले आणि पुढे बरेच दिवस त्यावर विश्वास ठेवला. आज ठेवत नाही, निदान पूर्ण ठेवत नाही. व्यायामशास्त्राचे संशोधक सॅम्युएले मार्कोरा आणि वॉल्टर स्टायानो यांच्या २०१० सालच्या प्रयोगात सुमारे २४२ वॅटवर सायकल चालवत थकून थांबलेल्या खेळाडूंना लगेच पाच सेकंद पूर्ण जोर लावायला सांगितले, तर त्यांनी सरासरी सातशेहून अधिक वॅट दिले. थांबण्याचा निर्णय स्नायूंआधी मन घेते, असा त्यांचा निष्कर्ष. हे वाचल्यापासून तुमचा प्रश्न मला पूर्वीइतका अन्यायाचा वाटत नाही, आणि त्यामुळेच तो अधिक खुपतो.

तरीही माझी बाजू सोडायला मी तयार नाही. पाच सेकंदांचा जोर म्हणजे झाडीपर्यंतचा रस्ता नव्हे. अंतर मिटले असते, तरी रांगेच्या शेपटाला, त्याच रेषेवर, त्याच वाऱ्यात टिकावे लागलेच असते. यावर माझे मन म्हणते की एकच सायकल उरली होती, आणि तेवढ्यापुरते पाच सेकंद पुरेसे होते. या दोन म्हणण्यांपैकी कोणते खरे, हे सिद्ध करायला तो क्षण पुन्हा मिळणार नाही.

पुढच्या शर्यतीत आडव्या वाऱ्याचा पट्टा येण्याआधीच घोळक्याच्या पहिल्या भागात जाण्याचा मी प्रयत्न करीन, कारण वाचण्याची जागा तेथेच असते. पण पुन्हा सुटलोच, तर माझे बोट कोणत्या गिअरकडे वळेल, हे मला आज सांगता येणार नाही.