‘धा’ला डोकी दोन

सात मात्रांच्या रूपक तालात आमचा ड्रमर दर वेळी चौथ्या मात्रेला सम (तालाची पहिली मात्रा) धरायचा. माहीमच्या एका छोट्या खोलीत आमची तालीम चालते. त्या संध्याकाळी तोच आठ आवर्तनांचा भाग आम्ही सातव्यांदा घेत होतो. माणूस पक्का तयारीचा. वांद्र्याचा ईस्ट इंडियन ख्रिस्ती, घरी मराठी बोलणारा, स्टाफ नोटेशन (रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) पेपर वाचावा तसं वाचणारा. शेवटी काठ्या मांडीवर ठेवून म्हणाला, “अगं, तुझा ‘एक’ आहे कुठे? पहिला जड ठोका जिथे येतो तिथेच धरणार ना मी?”

त्याच्या कानाप्रमाणे त्याचं बरोबरच होतं. तिं तिं ना, धिं ना, धिं ना. रूपकच्या पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याची घुमार नाहीच. ती चौथीवर येते. सम आणि खाली (डग्गा न घुमणारा भाग) एकाच जागी असलेला हा ताल. ज्याचं आयुष्य बेस ड्रमवर ‘एक’ शोधण्यात गेलं, तो चौथीवरच उतरणार. आणि मी त्याला कागद काय दिला होता? देवनागरीत लिहिलेले बोल. ‘धिं’ वाचला की मला दोन्ही हात दिसतात, उजवा तबल्याच्या लवेवर (कड आणि शाई यांच्यामधल्या भागावर), डावा डग्ग्यावर. त्याला दिसतं एक अक्षर. ‘धा’चं तेच. ‘ना’ आणि ‘घे’ एकदम वाजले की ‘धा’ होतो, पण लिहिताना ते दोन हात एका अक्षरात लपून जातात. अठरा वर्षं तबला शिकवतेय, पण हे इतकं लख्ख त्याच दिवशी कळलं.

मग ठरवलं, दोन रेघांचा स्टाफ करायचा. वरची रेघ तबल्याची, खालची डग्ग्याची. चाटेवरचा (कडेवरचा) ‘ना’ वरच्या रेघेच्या वर, लवेवरचा ‘तिं’ रेघेवर, शाईवरचा (मधल्या काळ्या भागावरचा) बंद ‘ते’ रेघेखाली. घुमणारे बोल गोल, बंद बोल फुली. म्हणजे ‘धा’ला एक दांडी (नोटेची उभी रेघ) आणि डोकी (तिला जोडलेली चिन्हं) दोन, आणि खाली आली की खालचं डोकं गायब.

पहिला प्रयत्न म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये केला. नोट निवडून व्ही दाबला की ती अदृश्य होते; तिच्यावर मला हवं ते चिन्ह मजकुराच्या रूपात चिकटवलं. पहिली ओळ छान दिसली. दुसऱ्या ओळीपासून कटकट सुरू झाली. दांडी जाऊन टेकायची ती लपवलेल्या नोटेला, माझ्या चिन्हाला नव्हे, त्यामुळे चिन्ह दांडीशेजारी लोंबकळायचं. जागाही लपलेल्या डोक्याच्या रुंदीने मोजली जायची, म्हणून दुगुणीत (दुप्पट गतीत) चिन्हं एकमेकांवर चढायची. प्रत्येक चिन्ह हाताने सरकवत बसले. वर तीच मूळ फाइल मी एकीला पाठवली. तिच्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता, तिच्याकडे सगळे चौकोन उमटले. वर चिकटवलेलं चिन्ह त्या प्रोग्रॅमच्या लेखी नोट नसतंच, त्याचा हिशेब तो धरत नाही.

मग लिलीपॉन्ड हा दुसरा प्रोग्रॅम उतरवून घेतला. मोफत आहे. त्यात माऊसने काही ओढायचं नसतं, सगळं लिहून सांगायचं. त्यात नोटेचं डोकं काढणारी गोष्टच बदलता येते, तिला स्टेन्सिल म्हणतात. आपण दिलेला आकार मग खरोखर नोटेचं डोकं होतो: त्याची रुंदी धरली जाते, दांडी त्यालाच लागते. तालवाद्यांच्या स्टाफसाठी एक तक्ता असतो, त्यात आघाताचं नाव, डोकं, सोबतची खूण आणि रेघेवरची जागा. तो भरायला एक रविवार गेला.

खरा वेळ खाल्ला तो घिस्स्याने. डग्ग्यावर आघात करून तळहाताची टाच पुढे सरकवली की नाद वर चढत जातो. नुसत्या गोलात ते कसं दाखवणार? मी गोलाला उजवीकडे वर जाणारी शेपटी काढली. आकार पाथने काढायचा: इथून सुरुवात कर, इथपर्यंत रेघ, इथे वळण, आणि एकक म्हणजे स्टाफच्या दोन रेघांमधलं नेहमीचं अंतर. शेपटी सुरेख आली, पण दांडी थेट तिच्या टोकाला जाऊन लागली! दोन रात्री कारण सापडेना. दांडी कुठे लागावी ते दोन आकड्यांत सांगतात, आणि आडव्या दिशेला चिन्हाचा मध्य म्हणजे ०, उजवी कड म्हणजे १. गोल १.२ रुंद, शेपटीसकट चिन्ह २. प्रोग्रॅमसाठी उजवी कड शेपटीच्या टोकाला गेली होती. डावीकडून मोजलं तर मध्य १ वर, गोलाची कड त्यापासून ०.२ पुढे. १ च्या जागी ०.२ लिहिलं आणि दांडी गोलाला चिकटून उभी राहिली. रात्रीचा दीड वाजला होता, परळची शेवटची लोकल केव्हाच गेली होती, आणि मी एकटीच टेबलावर तिरकिट हा बोल वाजवत होते.

चिन्हं मी मुद्दाम नऊवर थांबवली. याच मुंबईत वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेल्या संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनी कोमल स्वराला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ, समेला फुली, खालीला शून्य, एवढ्या मोजक्या खुणांवर केवढं संगीत कागदावर आणलं. माझ्या शाळकरी विद्यार्थिनींना त्या खुणा एका दुपारीत पाठ होतात. पण स्वरावरचं टिंब भातखंड्यांकडे तार (वरच्या) सप्तकाचं आणि दुसरे स्वरलिपीकार विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीत मंद्राचं (खालच्या). तेव्हा कुठली खूण कशाची, हे मी पहिल्याच पानावर छापलं. रूपकच्या समेला फुलीभोवती वर्तुळ काढलं. स्टाफखाली बोलही देवनागरीत ठेवले, गाण्याचे शब्द लिहितात तसे. बोल तोंडाने म्हटले नाहीत तर तो तबला कसला?

पुढच्या तालमीला पीडीएफच छापून नेली. त्याने कागद हातात घेतला, खालच्या रेघेवरून बोट फिरवलं. तीन मात्रा मोकळ्या. चौथीवर गोल. “म्हणजे तुमचा ‘एक’ हवेत आहे,” तो म्हणाला. दुसऱ्याच फेरीत समेवर आला, आणि त्या तीन मात्रांत बेस ड्रमवरचा पाय त्याने आपण होऊन उचलून धरला.

तिरकिट अजून मनासारखं नाही. एका मात्रेत चार फुल्या, त्यातला ‘कि’ खाली डग्ग्यावर, बाकी तीन शाईवर. हात बरोबर दिसतात, पण फुल्या जाड असल्याने दाटी होते. पाऊण आकाराची फुली करून बघतेय. ती छोटी झाली की पुन्हा दांडीचा आकडा बघावा लागेल.