निळी चकाकी

आषाढातल्या एका दुपारी, रत्नागिरीत सकाळपासून पावसाने झोड उठवलेली असताना, एक निवृत्त शिक्षक प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली वही घेऊन माझ्याकडे एक टपाल तिकीट अस्सल आहे का ते तपासून घ्यायला आले. वहीत १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या गांधीजींच्या संचातले दहा रुपयांचे, शिक्का बसलेले तिकीट होते. या तिकिटाच्या नकला इतक्या आहेत की मी ते हातात घेतानाच सावध होते.

खिडक्या बंद करून, डोळे अंधाराला सरावल्यावर मी ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा लावला आणि तिकीट निळसर पांढरे चमकले. त्या काळच्या कागदात चकाकी आणणारी रसायने घालत नसत. ती कागदात सर्रास आली ती पुढे. शेजारी ठेवलेले माझे त्याच संचातले दीड आण्याचे अस्सल तिकीट मंद, मातकट दिसत होते. ‘नकली’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता.

पण ती चमक सारखी नव्हती. परफोरेशनच्या, म्हणजे कडेच्या छिद्रांच्या ओळीच्या, दातांवर, जिथे कागदाचे तंतू उघडे पडतात, ती दाट होती. पाठीवर तिचे ओघळ होते आणि मध्ये एक पट्टा दीड आण्याच्या तिकिटाइतकाच मंद होता. मुळात कागदच तसा असता, तर तो असा डागाडागांनी कशाला चमकला असता?

“काका, हे कधी धुतलं होतंत का?”

“बुरशीचे डाग पडले होते गो बाय. कपड्याच्या पावडरीच्या पाण्यात ठेवलं होतं थोडा वेळ.”

धुण्याच्या पावडरीत तीच चकाकी आणणारी रसायने असतात. मग मी दिवा बंद करून भिंग घेतले. हा संच स्वित्झर्लंडमध्ये कुर्व्हाझिए छापखान्यात फोटोग्राव्हरने, म्हणजे कोरलेल्या बारीक खळग्यांत शाई भरून, छापला गेला. त्यामुळे गांधीजींच्या गालावरची छटा बारीक, एकसारख्या जाळीतून उतरते. ऑफसेट छपाईच्या नकलेत दिसतात तसे लहानमोठे ठिपके इथे नव्हते. परफोरेशनही अस्सल संचाइतकेच, म्हणजे दोन सेंटिमीटरला साडेअकरा छिद्रे, भरले.

तिकीट अस्सल होते, मात्र धुतल्याने त्याची किंमत पुष्कळ उतरेल, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आणि दाखल्यावरही तसेच लिहिले. ते गप्प राहिले, मग वही उघडून वडिलांच्या हातची बाकीची तिकिटे दाखवू लागले. त्यांवरही डाग होते. त्यांना पाणी लावू नका, एवढे मी कळकळीने सांगितले आणि ओल शोषणाऱ्या पुड्या घालून वही हवाबंद डब्यात ठेवून दिली.